अंधारातच उघडायचा डबा

तिला सगळी गल्ली अंधारबाई म्हणते, आणि ती खुशाल ओ देते. दुसरी एखादी असती तर म्हणणाऱ्याचं थोबाड रंगवलं असतं. हिला मात्र त्या नावाचा तोरा. "उजेडात काय, कुणीही काम करतं. अंधारात करून दाखवा म्हणावं," असं वर ऐकवते. एकतीस वर्षं झाली, स्टुडिओच्या मागच्या खोलीत ती फिल्म धुते, फोटो छापते. त्या खोलीची एकुलती एक खिडकी तिनं स्वतःच्या हातानं विटा रचून बुजवली आहे. घामाघूम होऊन बाहेर येते तेव्हा दुपार आहे की संध्याकाळ, हे तिला शेजारच्या दुकानात विचारावं लागतं. शेजारचं दुकान नवऱ्याचं. तो शिंपी, त्याला सगळे मास्तर म्हणतात, तीही मास्तरच म्हणते. दोन दुकानांच्या मधे एक दार आहे, ते कायम उघडं. भांडण झालं की तेवढ्यापुरतं लागतं.

तिचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे भिंग, मधे कातडी भाता आणि डोक्यावरून घ्यायला काळं कापड. फिल्म वहीच्या पानाएवढी, एका वेळी एकच. लोक म्हणतात, "बाई, मोबाइलवर फुकटात येतो की हो फोटो." ती म्हणते, "येतो ना. आणि जातोही फुकटातच." तिच्या दुकानातून मात्र एकतीस वर्षांत एकही डागाळलेला फोटो बाहेर गेला नाही. धुळीचा कण नाही, केस नाही, पाण्याचा थेंब नाही. मास्तर सोडून कुणी या गोष्टीवर हसलं तर ती त्याच्याशी आठवडाभर बोलत नाही.

हे सगळं लटांबर घेऊन ती विमानानं हिंडते, कारण कामं लांबून येतात. कुठे पाडायचा पूल असतो, कुठे शाळेला शंभर वर्षं झालेली असतात. आता विमान म्हटलं की तपासणी आली, आणि तपासणी म्हटली की अंधारबाईचा पारा चढलाच म्हणून समजा. तिच्या स्टँडच्या टोकदार पायांना त्यांनी हत्यार ठरवलंय. बोटाएवढे सात स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी गिळलेत आणि ढेकरही दिलेला नाही. एकानं तर कॅमेऱ्याचा भाता बघून फर्मावलं, "हे वाजवून दाखवा." ती म्हणाली, "अहो, कॅमेरा आहे तो, वाजत नाही." "वाजत नाही तर मग घेऊन कशाला फिरता?" आता काय डोकं आपटून घ्यायचं?

पण हे सगळं परवडलं. खरी कटकट फिल्मची. पूर्वीच्या मशीनमधून एखाद्या वेळी गेली तरी धकून जायचं. नवी मशीनं आली आणि ती सामानाला चहूकडून असे किरण मारतात की न धुतलेल्या फिल्मवर नुसतं धुकं उरतं. तेव्हापासून प्रत्येक विमानतळावर तिची एकच विनवणी, "एवढा डबा हातानं तपासा हो." आपल्या गावातले तपासणीवाले आता तिला ओळखतात. दुरून दिसली की म्हणतात, "आली बघा अंधारबाई, चला, हात पुसा." परगावी मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

गेल्या वर्षी एका काचेच्या कारखान्यातून फोन आला. दोन तास विमानानं जायचं इतक्या लांबचं गाव. फोनवर तिथला मुकादम होता.

"बाई, कारखाना बंद होतोय. भट्टी साठ वर्षं पेटती आहे. काचेची भट्टी विझवत नसतात, रविवार नाही, सुट्टी नाही. एकदा थंड झाली की आतल्या विटा तडकतात, मग ती परत पेटत नाही. बुधवारी दुपारी बारा वाजता विझवणार. त्रेचाळीस माणसं उरलोय आम्ही. भट्टीपुढे सगळ्यांचा एक फोटो पाहिजे."

"तिथे कुणी नाही का फोटो काढणारं?"

"आले होते दोघं. माणसं दिसली तर भट्टी पांढरी फटक, भट्टी दिसली तर माणसं कोळसा. आणि काय आहे बाई, आमच्या नातवंडांनी आतलं कधी बघितलंच नाही. आजोबा काच फुंकायचे म्हणून सांगितलं तर त्यांना वाटतं, फुगे फुगवत होते."

अंधारबाई हसली नाही. "येते," म्हणाली आणि फोन ठेवला.

फोटो फक्त भट्टीच्या उजेडात काढायचा असं तिनं ठरवलं. म्हणजे भिंग सहा सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढा वेळ त्रेचाळीस जणांनी गप्प उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण काच फुंकणाऱ्याचा हात कधी थांबत नाही. नळी फिरवायची थांबली की टोकावरची काच लोंबलीच. चाळीस चाळीस वर्षं "थांबू नकोस" हेच शिकलेल्या माणसांना ती ओरडून सांगत होती, "हलू नका!" ती बिचारी माणसं श्वास रोखून उभी राहायची आणि कुणाची तरी बोटं आपसूक नळी फिरवल्यासारखी फिरायची. मग सगळे त्याला शिव्या घालायचे आणि पुन्हा उभे राहायचे. दीड तासात बारा फिल्म झाल्या. बाराच आणल्या होत्या. बाराव्या वेळी कुणी हललं असं तिला दिसलं नाही. मग मुकादमानं इंधनाची झडप फिरवून बंद केली, भट्टीचा आवाज बसला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा तिथे माणसांना एकमेकांचा श्वास ऐकू आला. दोघं-तिघं बाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले.

खोलीवर परत आल्यावर तिनं काळी पिशवी काढली. ही पिशवी मास्तरांनी शिवलेली. एवढ्या मोठ्या फिल्मसाठी बाजारात मिळतच नाही. दुहेरी काळं कापड, दुहेरी चेन, आणि हात घालायला दोन बाह्या, कोपराशी घट्ट इलॅस्टिक. पिशवीत डबा ठेवायचा, चेन लावायची, बाह्यांत हात घालायचे, आणि आतल्या अंधारात नुसत्या बोटांनी काम करायचं. तिनं बाराही फिल्म डब्यात रचल्या, एकात एक बसणारी तीन झाकणं लावली, बाहेर काढून काळी टेप गुंडाळली.

आणि मग तिनं असली चूक केली, जी तिच्या जातकुळीचं माणूसच करू जाणे. मागे एकदा सासूबाईंनी बटणं शोधता शोधता असाच एक डबा उघडला होता आणि एका जोडप्याचं अख्खं लग्न वाया गेलं होतं. तेव्हापासून न धुतलेल्या फिल्मच्या डब्यावर ती लाल शाईनं ठळक लिहिते. घरात सगळ्यांना ते पाठ आहे. तिनं नेहमीच्या सवयीनं लिहिलं, "उघडाल तर सगळं खलास!" आणि तो डबा घेऊन विमानतळावर गेली.

मशीनवरच्या माणसानं ते मोठ्यानं वाचलं. मागची रांग दोन पावलं मागे सरकली.

साहेब आले. चष्मा, कडक इस्त्री, चेहऱ्यावर माशी हलेल तर शपथ. "काय खलास होणार आहे?"

"फोटो, साहेब! दुसरं काय? फिल्म आहे आत, धुवायची राहिलेली. मशीनमधून नाही चालणार, उजेडात उघडलेली नाही चालणार."

"ज्वालाग्राही काही?"

"माझा स्वभाव तेवढा आहे."

मास्तर बरोबर असते तर त्यांनी तिचं तोंड दाबलं असतं. साहेबांनी डब्याच्या बाहेरून एक कागदाची पट्टी फिरवली, ती कसल्याशा यंत्रात घालून पाहिली. यंत्राला स्फोटकाचा कणही सापडला नाही, पण साहेबांचं समाधान झालं नाही. "मशीनमधून घाला, नाही तर उघडा. दोन्ही नसेल तर विमानात जाणार नाही."

"नको मग. द्या माझा डबा. मी आगगाडीनं जाते, बैलगाडीनं जाते, तुम्ही काळजी करू नका."

"आता परतही देता येणार नाही. असलं काही लिहिलेली वस्तू ताब्यात आली की तपासल्याशिवाय सोडता येत नाही. तुम्ही नाही उघडलात तर आम्ही उघडू."

इतका वेळ ती भांडत होती, कारण भांडून आजवर सगळीकडे तिचं काम झालं होतं. आता तिला कळलं की समोरचा माणूस टेपचं टोक शोधतोय. ती भट्टी एव्हाना थंड होत चालली असेल, विटांना चिरा पडायला लागल्या असतील, माणसं आपापल्या गावाला निघाली असतील. जगातल्या कुठल्याही पैशानं तो फोटो पुन्हा काढता येणार नव्हता. तिनं डब्यावर दोन्ही हात ठेवले.

"साहेब," ती म्हणाली, "त्रेचाळीस माणसं सहा सेकंद श्वास धरून उभी होती हो. बारा वेळा. ते सगळं यात आहे. माझ्यावर हवी ती केस घाला, पण हे उघडू नका."

साहेबांचा हात थांबला. वाईट माणूस नव्हता तो, फक्त नियमाला धरून होता. "मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

आणि तिला पिशवी आठवली. कपाळावर हात मारून घेतला तिनं. बॅगेत तळाशी घडी करून ठेवली होती. "उघडा! उघडा हो, पण यात! अंधारात!"

साहेबांनी पिशवी उलटी केली, सुलटी केली, दिव्यासमोर धरली. एक छिद्र दिसेल तर शपथ. "कुणी शिवली?"

"नवऱ्यानं."

"हात चांगला आहे," साहेब म्हणाले. तेवढ्या गडबडीतही अंधारबाईची मान ताठ झाली.

"पण न बघता तपासणार कसं?"

बाजूच्या टेबलाशी बायकांची झडती घेणारी कर्मचारी उभी होती. रुंद पंजे, दंड पैलवानासारखे. ती पुढे आली. "साहेब, मी तपासते. रोज हजारभर बायका चाचपते मी. बघून काय सापडतं? जे सापडतं ते हातालाच सापडतं. माझ्या बोटांनी आजवर मला फसवलेलं नाही." ती हे फुशारकी मारून नाही, पगार किती ते सांगावं तसं म्हणाली. अंधारबाईनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्यासारखीच आहे ही, असं तिला वाटलं.

अंगठ्या काढल्या, घड्याळ काढलं, साबणानं हात धुऊन कोरडे केले. बाह्या दोनच, तेव्हा एकीत अंधारबाईनं डावा हात घातला, दुसरीत त्या बाईनं उजवा. अंधारबाईच्या काडीसारख्या हातांच्या मापानं शिवलेली बाही तिच्या दंडावर अशी करकचली की तिनं दात आवळले. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या, दोघींचा मिळून एक जोड हात आत. अर्धी रांग आपलं विमान विसरून बघत राहिली.

"टेप काढतेय," कर्मचारी साहेबांना सांगू लागली. "एक झाकण. दुसरं. आणखी एक आहे. आता पुठ्ठा... आता पान लागलं, गुळगुळीत."

"कडेनं धरा, कडेनं! मधे बोट नको!"

"कडेनंच धरलंय हो ताई, ओरडू नका. कोपऱ्यात खाचा आहेत."

"त्यांच्यावरूनच कळतं कुठली बाजू ते. शाब्बास. आता पुढचं."

एकेक फिल्म अंधारबाईच्या बोटांतून तिच्या बोटांत जात होती. ती कडेवरून बोट फिरवायची आणि आकडा म्हणायची. सात. आठ. तिच्या कपाळावर घाम आला होता. अकरा. बारावी फिल्म हातातून सटकली.

"गेली!" अंधारबाई किंचाळली.

"धरली, धरली. बारा. खाली काही नाही. झाकणं लावू या."

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. "यात 'उघडून पाहिले' असं लिहावं लागतं."

"'उघडून चाचपले' लिहा," कर्मचारी दंड चोळत म्हणाली, "खाली सही मी करते."

अंधारबाई विमानाकडे पळत सुटली. आभार मानायचे राहिले, हे तिला ढगांत गेल्यावर आठवलं.

घरी पोचल्या पोचल्या ती मागच्या खोलीत शिरली. मास्तर दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले, कापायला घेतलेलं कापड तसंच मांडीवर. पहिल्या अकरा फिल्ममध्ये कुणाची मान हलली होती, कुणाचे हात, एकात तर चौघांनी एकदम शिंकल्यासारखं केलं होतं. बारावी बाहेर आली आणि तिनं दिव्यापुढे धरली. त्रेचाळीस चेहरे. सुईच्या टोकासारखे स्पष्ट. भट्टीच्या उजेडात प्रत्येकाच्या कपाळाची सुरकुती दिसत होती. आणि वर डाव्या कोपऱ्यात, छताच्या अंधारावर, दोन डोकी मावतील एवढा अंगठ्याचा एक ठसठशीत ठसा.

मग जे काही ऐकू आलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. त्या रुंद पंजाच्या बाईचा, साहेबांचा, विमानाचा शोध लावणाऱ्याचा, सगळ्यांचा उद्धार झाला. मास्तर शांतपणे म्हणाले, "तिला कशाला बोलतेस? बाही घट्ट झाली, हात घामेजला. चूक शिवणाऱ्याची." त्यावर तिनं मधलं दार लावून घेतलं.

तीन दिवस ती बारीक ब्रश घेऊन बसली आणि छापलेल्या फोटोवरून तो अंगठा तिनं असा नाहीसा केला की देवालाही सापडला नसता. मग त्या फोटोवरून पुन्हा त्रेचाळीस प्रती काढायच्या, एवढंच राहिलं होतं. पण तिचं मन खाऊ लागलं. डाग झाकून माल देणं हे तिला डाग देण्याहून वाईट वाटत होतं. शेवटी तिनं झाकलेला फोटो फ्रेममध्ये घातला, अंगठ्याचा तसाच पाकिटात ठेवला, आणि दोन दिवसांच्या प्रवासाला आगगाडीनं निघाली. विमानाचं नाव काढायची मास्तरांची छाती झाली नाही.

कारखान्याच्या जेवणघरात सगळे जमले होते, बायकामुलांसकट. तिनं दोन्ही फोटो टेबलावर मांडले आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. "एकतीस वर्षांत माझ्या हातून असं गेलं नाही. तुमचा फोटो एकदाच निघणार होता आणि त्यावर परक्या बाईचा अंगठा आला. मी तो पुसलाय. तुम्हाला कळलंही नसतं. पण तुम्हाला न सांगता द्यायचा नव्हता. आता कुठला छापायचा ते तुम्ही ठरवा."

मुकादमानं दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मग त्यानं भिंतीशी उभ्या असलेल्या एका म्हातारीकडे बोट केलं.

"ही माझी बायको. पॅकिंगला शेवटच्या टेबलावर होती, चोवीस वर्षं. काम काय, तर फडक्यानं बोटांचे ठसे पुसायचे. काचेवर ठसा दिसला की माल परत यायचा. आमची काच कुठे कुठे गेली असेल, बाई, आम्हालाही माहीत नाही. आणि आमच्यातल्या एकाचंही बोट कुठल्या काचेवर नाही." त्यानं अंगठ्याचा फोटो उचलला. "हा छापा. ज्या बाईनं सांभाळून पुढे सोडला तिचा ठसा असू दे की त्यावर."

मुकादमानं फ्रेम मागून उघडली, फोटो बदलला आणि फ्रेम तिच्या हातात उभी दिली. मग पुढे होऊन त्यानं काचेवर, खालच्या कोपऱ्यात, आपला अंगठा दाबला. त्याच्या बायकोचा हात सवयीनं कमरेच्या फडक्याकडे गेला, आणि ती पुढे आली.

"अगं, राहू दे," मुकादम म्हणाला.

तिनं फडकं परत खोचलं. काचेकडे जरा वेळ पाहिलं, आणि त्याच्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा दाबला. अंधारबाईनं फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती. मागून कुणी तरी म्हणालं, "सरका की हो, आम्हालाही जागा ठेवा."